ठाव

पहाटेचे तीन चाळीस. टॉर्सहाव्हनच्या बंदरात
एकच दिवा हलतोय, तोही वाऱ्यानं.
यालग्रिम, मी रान्वा, रात्रपाळीची.
कुशीवर वळवताना तुम्ही खोकलात,
आणि नाकपुडीपाशी, चिकटपट्टीखाली, जी नळी
रात्री दहाला अठ्ठावन्नवर होती
ती आता पंचावन्न दाखवतेय.

दोन बोटांचं अंतर.
दोन बोटांनी होडी दगड चुकवते किंवा चुकवत नाही,
हे तुम्हाला मी काय सांगावं.

खांबावर पिशवी टांगलेली आहे, भरलेली, साईच्या रंगाची.
चिमटा बंद आहे. तो मी उघडत नाही.

टाइतुर, नवा डॉक्टर, गालावर उशीच्या घड्या घेऊन आला.
म्हणाला, हवा ढकल, पोटावर स्टेथोस्कोप ठेव,
गुडगुडलं की झालं.
गुडगुडतं रे.
फुप्फुसातली नळीसुद्धा तशीच गुडगुडते.
नऊ वर्षांपूर्वी मी ऐकलं होतं, अगदी स्वच्छ,
आणि मान डोलावली होती.
त्या बाईंचं नाव मी कुणाला सांगत नाही.
त्यांना खोकताही येत नव्हतं.
वाट चुकली तर शरीर हाक मारेल
असं मी धरून चालले होते.
तेव्हापासून माझे कान साक्षीदार म्हणून चालत नाहीत.

परवा तुमची सुन्नुवा सांगत होती,
तुमचे वडील धुक्यात शिशाचा गोळा सोडायचे,
बुडाला चरबी थापलेली.
दोरीच्या गाठींवरून खोली कळायची,
पण आपण कुठे आहोत हे कळायचं
चरबीला काय चिकटून आलंय त्यावरून:
काळी वाळू, शिंपल्यांचा चुरा, नाहीतर नुसता चिखल.
प्रवाह दोरी तिरपी ओढतो, म्हणाली ती,
गाठींवर एकट्या विसंबू नये.

तर सिरिंज लावते, हळू मागे ओढते.
काही नाही.
थोडी हवा सोडते, तुम्हाला डाव्या कुशीवर घेते,
तोंड पुसते, भेगाळल्या ओठांना मलम.
वीस मिनिटं. बाहेर कुणीतरी बर्फ खरवडतंय.
पुन्हा ओढते.
दीड मिली, फिकट, धूसर.
थेंब पट्टीवर. पट्टी डबीवरच्या चौकोनांशी धरते,
दिव्याखाली, मग दुसऱ्या दिव्याखाली.
सहा.

साडेपाच किंवा त्याखाली असतं तर निभलं असतं.
पण आम्ल दाबायचं औषध तुम्हाला आम्हीच देतो,
आमच्याच हातांनी वाळूचा रंग उडवलाय.
सहा म्हणजे पोट असेल.
सहा म्हणजे नसेलही.
‘असेल’वर मी कुणाला जेवू घालत नाही.

होग्नी एक्स-रेचं मशीन ढकलत आणतो, एक चाक कुरकुरतं.
पाठीखाली थंडगार पाटी सरकवली. माफ करा.
मग पडद्यावर तुमच्या फासळ्या,
हृदयाची मोठी सावली, आणि ती पांढरी रेघ.
श्वासनळी जिथे दोन वाटांना फुटते
तिथून ती मधोमध उतरलीय, कुठल्याच फाट्याला लागलेली नाही.
हुश्श म्हणायला तोंड उघडलं,
तर खाली, पोटाच्या वरच, ती थांबलेली.
उंबऱ्यापर्यंत आलेली, आत न गेलेली.
इथे ओतलं असतं तर उलटून वर,
आणि वरून कुठे, ते टाइतुरला ठाऊक आहे.

तो काही बोलला नाही. खुर्ची ओढून बसला.
मग त्यानंच विचारलं, किती आत घ्यायची?
मोजून सांगितलं.
आणि मग?
मग पुन्हा फोटो.
पुन्हा?
पुन्हा.

नवी खूण नळीवर काळ्या पेनानं केली,
आकडा वहीत लिहिला, वेळ लिहिली, सही.
होग्नीचं मशीन अजून दुसऱ्या वॉर्डात आहे.

सहाला सुन्नुवा आली, अंगाला ओल्या लोकरीचा वास.
“जेवला का?”
“अजून नाही.”
“का?”
“नळी कुठे आहे ते बघून झालेलं नाही.”
तिनं पिशवीकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, बराच वेळ.
कोट काढला नाही.
थर्मासचं झाकण अर्धं फिरवलं होतं,
ते पुन्हा घट्ट लावून
मांडीवर धरून बसली.