मऊ होण्याची खूण

सेवेत्तियार्वीच्या शाळेत अकरा मुलं.
दुपारी दोनलाच काळोख,
आणि दोम्ना यंत्रासमोर बसून
स्कोल्ट सामीतला एक शब्द लिहू पाहते आहे.

शब्द येतो. त्यातली खूण येत नाही.
खूण ती केवढी?
अक्षराच्या खांद्याशी एक तिरकी रेघ,
जिभेला सांगणारी, इथे जरा मऊ हो.
यंत्र तिथे अवतरणचिन्ह ठेवतं
आणि समजतं, शब्द संपला.
अर्धा इकडे, अर्धा तिकडे,
दोन्हींखाली लाल नागमोडी रेघ.
मुलं विचारतात, बाई, आपली भाषा चुकीची आहे का?

तिने कंपनीला लिहिलं होतं.
उत्तर आलं, साखरेत घोळलेलं:
सूचनेबद्दल आभार, आपले भाषक किती?
तीनशे, तिने कळवलं,
त्यात यंत्राला हात न लावणारी आईसुद्धा धरली.
मग काही आलं नाही.
खिडकी बंद होती. पडदा मात्र फार सुंदर होता.

ओन्त्रेई तिचा भाचा. हिवाळाभर रेनडियरांमागे,
उरलेल्या वेळात गावाच्या स्नोमोबाईल दुरुस्त करतो.
त्याने एका रात्रीत तिच्या यंत्रातली प्रणाली बदलली.
खोटं कशाला सांगू,
आठवडाभर आवाज गेला, वायफाय गेलं,
प्रिंटर आजही रुसलेलाच आहे.
ज्यांना हा स्वर्ग वाटतो त्यांनी
तो प्रिंटर एकदा लावून दाखवावा.
पण मावशी, तो म्हणाला, याचं बॉनेट उघडतं.

उघडलं. आत एक लांबच लांब यादी,
दर कळीला एक ओळ.
दोम्नाने एक ओळ वाढवली,
चष्मा पुसला, आणि पाठवून दिली.

कुरितिबाहून कुणी उदास बेडूक
(नाव हेच, चित्रही बेडकाचंच)
दोन दिवसांनी उत्तरला:
ओळीच्या शेवटी एक जागा जास्त आहे. काढा.
ना नमस्कार, ना चमत्कार.
तीन दिवस ती कुणाशी नीट बोलली नाही.

मग भांडण लागलं. सत्तेचाळीस निरोप.
ही रेघ की ते चिन्ह?
तीनशे माणसांचं ओझं सगळ्यांनी का वाहायचं?
दोघे परवान्याच्या अटींवर घसरले,
एकजण कायमचा निघून गेला
आणि मंगळवारी परत आला.
कुणीतरी विचारलं, फुकटच तर आहे, तक्रार कसली?
इंग्रजीत मुक्त आणि फुकट एकाच शब्दात कोंबलेत,
त्यामुळे चाळीस वर्षं तेच दळण.
फिनिशमध्ये शब्द दोन. आपल्याकडेही दोन.
आपणही फुकटचाच जास्त वापरतो, ते सोडा.

अठ्ठाविसावा निरोप माझा.
ओऊलूच्या भाड्याच्या खोलीतून, रात्री दीडला लिहिला:
माझ्या भाषेत दऱ्या आहेत.
त्यातला र कैक वर्षं यंत्रांना येत नव्हता,
ती सरळ दर्या लिहायची.
सह्याद्रीतला माणूस
एका अक्षरासाठी समुद्रात पडायचा.

कुणाला कितपत कळलं, ठाऊक नाही.
तिघांनी अंगठा दिला, एकाने हसणारं मांजर.
पण बेडकाने दुसऱ्या सकाळी,
त्याच्या सकाळी, इथे उजाडायचा प्रश्नच नव्हता,
एकच शब्द लिहिला: घेतलं.

मार्चमध्ये नवी आवृत्ती उतरली.
मी बसने सेवेत्तियार्वीला गेलो होतो.
दोम्नाने तोच शब्द लिहिला. सबंध उमटला.
लाल रेघ नाही, मधे भेग नाही.
मुलांनी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत,
त्यांना जेवणाची सुट्टी झाली होती.

आता त्या यादीची राखण तिच्याकडे आहे.
बेडूक थकला, त्याला मूल झालं म्हणे.
परवा कुठल्याशा बेटावरून एक नवी ओळ आली,
दोन टिंबांची, भित्री.
दोम्नाने लिहिलं:
ओळीच्या शेवटी एक जागा जास्त आहे. काढा.
मग थांबली, वर जाऊन नमस्कार जोडला.
भाषक किती, हे विचारलं नाही.