बुचाचा वास

सायमन आल्मेडा, बोटीवरचा फिटर,
चौदा महिन्यांनी वेंगुर्ल्यात उतरला
आणि मोज्यांत गुंडाळून आणलेली बाटली
माझ्या पडवीत उघडली.
कोबेची, म्हणाला. सावकाश पी, ही हुर्राक नव्हे.

स्टीलच्या पेल्यात रंग दिसेना,
म्हणून कोकमाचे काचेचे ग्लास काढले.
पहिला घोट मधाचा,
मागाहून आंब्याच्या कोयीसारखं काही तुरट.
विहिरीच्या पाण्याचे तीन थेंब, बोटानं,
आणि आतून सहाणेवरचं ओलं चंदन वर आलं.
शेवटी धूर. पण कुठला?
काजूच्या टरफलांचा नव्हे.
शेजारच्या घरातल्या विझलेल्या चुलीचा.

सायमन सांगत होता: कितीतरी पिंपं, वेगवेगळी वर्षं,
आणि कुणी एक म्हातारा नुसत्या नाकानं जुळवतो सगळं.
त्याचं नाव लेबलावर नसतं.

मंदाकिनी सोडे निवडता निवडता बाहेर आली.
ग्लासाला हात लावला नाही. बूच उचललं,
डोळे मिटले, मे महिन्यात
मसाला भाजताना मिटते तसे.
"दगडफूल," म्हणाली. "वाईच सुंठ."
मग बराच वेळ काही नाही.
बंदरावर कुणाचं तरी इंजिन सुरू झालं, बंद पडलं.
"हेच्यात धा जणांचो हात आसा,
पण भांडाण नाय."

सायमननं ग्लास खाली ठेवला.
एकवीस वर्षं तिच्या हातचं जेवतोय मी.
मीठ कमी, तिखट जास्त,
एवढंच बोललोय.

बूच तिनं परत दिलं नाही.
ते मसाल्याच्या डब्यात आहे.
बाटलीत बोटभर उरलीय,
तोंडाला फडकं बांधून.