खोगीरभरती

कोक्रानेत, पोस्टाच्या मागे, माझं वेल्डिंगचं दुकान.
इथला वारा दार ठोठावत नाही,
सरळ आत येतो आणि हिशेबाची वही चाळत बसतो.

ओटिलिया बार्रिआ आली ती सायकल ढकलतच.
एकसष्टची. शाळा बंद झाली, तशी तीही मोकळी झालेली.
म्हणाली, कॅरिअर बसव. रस्ता संपेपर्यंत दक्षिणेला जायचंय.

मी दोन काढून ठेवली बाकावर.
हे ॲल्युमिनियमचं : धरलंय की नाही, हाताला कळत नाही.
हे लोखंडी : कळतं.
हलकं तुटलं, की तुकडे घेऊन बसशील वाटेवर.
लोखंड तुटलं, तर कुंपणं सांधणारा कुणीही डाग देईल.
"म्हणजे तुटणार?"
तुटणार. खडीचा रस्ता, पन्हळी पत्र्यासारखा,
दिवसाला एकेक आटा सैल करतो.
रात्री दात घासण्याआधी चारही नट चाचपायचे.

सीटमागे लोंबणारी लांबोडी पिशवी दाखवली,
हल्लीची पोरं हीच नेतात.
तिनं एक चक्कर मारली, उतरली.
"शेपूट हलवते ही. माझ्या मागे कुणी एवढं खूश नको."

मग रोसेंडानं पडशा शिवल्या, ट्रकच्या जुन्या ताडपत्रीच्या.
एकीवर मालकाच्या नावातला अर्धा 'र' राहिला, राहू दिला.
ओटिलियाची पावलं मोठी, टाच आपटायची पडशीवर,
हूक चार बोटं मागे सरकवले.

लोकर तोलायच्या काट्यावर दोन्ही टांगल्या.
उजवी : तंबू, चूल, मातेचा डबा, बदली ट्यूब.
डावी भरली एक किलो दोनशेनं कमी.
तिनं कोटाखालून शाळेची घंटा काढली.
पितळी, दांडीची, लोळी मोज्यात गुंडाळलेली.

खोगीरभरती, मी म्हटलं.
इथं लोक टूथब्रशची दांडी कापतात वजनासाठी!
"तिकडे तळ्यापलीकडे सात पोरं आहेत," ती म्हणाली,
"मास्तर ताटली वाजवून बोलावतो त्यांना."
पुन्हा तोलल्या. काटा मधोमध.
मी गप्प बसून पट्टे आवळले.

मोजा काही टिकला नाही.
लाकडी पुलावरून गेली, तेव्हा घंटा एकदा वाजली,
आणि आपल्या दारातला फेर्मीन, बावन्न वर्षांचा बाप्या,
उगीचच उठून उभा राहिला.

एकोणीस दिवसांनी परतली. नाक सोललेलं.
कॅरिअरला डाव्या पायावर कुणाचातरी डाग,
मुंगळ्याएवढाल्या गाठी, अगदी कच्चा हात.
मी घासून साफ करणार होते. केलं नाही.

डावी पडशी उघडली.
आत एक दगड, तळ्याकाठचा, हिरवट.
"तोल जात होता," ती म्हणाली.
काट्यावर ठेवला : एक किलो एकशेऐंशी.

तो दगड आता मी दाराला लावते.
वारा तरी येतोच.