मीठ

सिनेमात गाद्या निळ्या दाखवल्यात.
त्या लाल होत्या.
सोळा वर्षं मीच त्या पुसल्या.
सँडस्कीच्या या थिएटरात आम्ही तेरा माणसं,
आणि पडद्यावर माझं काम करणारी बाई
चार सेकंद दिसते, पाठमोरी.
बादली मात्र बरोबर आहे.

लेलंड हॅडलरच्या पणजोबांनी
ईरी तळ्याच्या तळाखालून मीठ काढलं.
हिवाळ्यात अर्ध्या ओहायोच्या रस्त्यांवर
हॅडलरांचंच मीठ.
पणतवाला खाण नको होती, घोडे नको होते,
बोट तर किनाऱ्यावरच सडली.
त्याला कुस्ती हवी होती.
म्हणून त्याने पैलवान आणले,
मोठी झाडं मुळांसकट उपटून आणतात तसे.
वेंडेल ओक्रासा आला नेब्रास्काहून,
बायको, दोन पोरी, मागच्या सीटवर शिवणयंत्र.
घर फुकट, दातांचा डॉक्टर फुकट,
मांसाचा फ्रीज कधी रिकामा नाही.

आता सिनेमात नाही ते सांगते.
पैलवानाचे कान बघितलेत?
घासून घासून, रक्त साकळून
फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे होतात.
लेलंडचे कान शेवटपर्यंत पातळ राहिले,
खिडकीपाशी बसला की गुलाबी उजेड आरपार.
एका पहाटे मी आत गेले तर तो एकटा,
गुडघ्यांवर,
डावा कान गादीवर घासतोय.
थांबला नाही. म्हणाला,
"मिसेस ह्रिंको, ब्लीच जरा कमी घालत जा. झोंबतं."
मी कमी घातलं.

टोलेडोला पन्नाशीपुढच्यांची स्पर्धा झाली.
इंडियानाचा एक प्लंबर, हातांना ग्रीस तसंच,
आठशे डॉलरला पाठ टेकवून गेला.
पाकीट वेंडेलने पोचवलं.
कप दिवाणखान्यात आला, लेलंडच्या आईने
त्यात तीन दिवस ट्यूलिप ठेवले.

मग तो गुरुवार.
लेलंड म्हणाला, माझ्याशी धर. खरी.
वेंडेल हसला, नको म्हणाला, दोनदा.
तिसऱ्यांदा त्याने चष्मा काढून माझ्याकडे दिला.
सिनेमात इथे ढोल वाजतात,
वेंडेल त्याला उचलून आपटतो, गादी थरथरते.
तसं काही झालं नाही.
पट काढला, फिरवला, चीत.
झोपेला आलेलं पोर अंथरुणात ठेवावं तसा ठेवला,
आणि आपटू नये म्हणून
डोक्याखाली स्वतःचा हात घातला.
तो हात मी बघितला.
लेलंडनेही.
सिनेमावाल्यांच्या मुलीला मी फोनवर
हे दोन वेळा सांगितलं होतं.
लिहून घेतेय म्हणाली.

फेब्रुवारी. पायऱ्यांवर काच धरलेली.
वेंडेल वाकून मीठ टाकत होता,
पिशवीवर ठळक निळ्या अक्षरांत हॅडलर.
गाडी आली, काच खाली झाली.
सिनेमात तीन गोळ्या आहेत.
मला दोनच ऐकू आल्या,
तिसरी तेव्हा नळ चालू असेल.

पोलिसांना तो एवढंच म्हणाला,
माणूस खाल्ल्या मिठाला जागला नाही.
वकिलांनी त्याला आजार म्हटलं, डॉक्टरांनी
लांबलचक नाव दिलं, मला ते उच्चारता येत नाही.
पायऱ्यांवर जिथे मूठ पडली होती
तिथे बर्फ वितळत राहिला, दुपारपर्यंत,
खालून सिमेंट दिसेपर्यंत.
बाहेर कुणी काही शिवायचं नव्हतं.
आतलं कुणी काही बोललं नाही,
तर मी गाद्या पुसल्या.
ब्लीच पुन्हा पहिल्याइतकं घातलं.

दिवे लागले. पुढच्या रांगेतला म्हातारा
पॉपकॉर्नचा पुडा चोळामोळा करत म्हणाला,
श्रीमंतांचं डोकंच फिरलेलं असतं.
मी कोटाची बटणं लावत बसले. एक तुटलंय.

बाहेर थिएटरचा पोरगा पायऱ्यांवर मीठ फेकत होता,
कानांत गाणी, अंगात स्वेटर नाही.
पिशवी बघितली. नाव तेच.
"सांभाळून हां, आजी," तो म्हणाला.
मी कठड्याला धरून
ज्या बाजूला त्याने अजून टाकलं नव्हतं
त्या बाजूने उतरले.