वंगण

तीन माहितीपत्रकं, मिठाच्या बरणीला टेकवून उभी.
एकात आल्प्सचा डोंगर, आगगाडीनं नऊ तास.
एकात श्रीलंकेचा समुद्र, आणि त्याच्याकडे पाठ करून बसलेली बाई,
जिची कंबर जन्मात दुखली नसावी.
तिसऱ्यात बघण्यासारखं काही नाही:
लाकडी बाक, पितळी भांडं,
आणि खाली मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये
"अपेक्षा थोड्या आणा. कपडे जुने आणा."

तिसरं उचललं.

भाऊ म्हणाला, विब्के, डोकं फिरलं का तुझं?
एवढ्या पैशात छप्पर झालं असतं.
म्हटलं, छप्पर माझ्याहून तरुण आहे. थांबेल.

मग पालक्काडहून प्रश्न आले, सहा पानं.
भूक कशी लागते? सावकाश, की झडप घालून?
राग आल्यावर घाम कुठे येतो?
शौचाला कधी, कसं, रंग कोणता?
एकोणीस वर्षं संसार केला,
राल्फनं यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं.
स्वप्नात उडता की पडता?
मी लिहिलं: उचलते.

कामाचं स्वरूप, बसून की उभ्यानं?
बसून.
ब्रेमरहाफेनच्या धक्क्यावर, चाळीस मीटर उंच क्रेनच्या
काचेच्या तळाच्या केबिनमध्ये,
दोन गुडघ्यांमधून खाली बघत.
मान खाली घालावी लागेल असं काही केलं नाही आयुष्यात,
तरी एकतीस वर्षं मान खालीच.
पेट्यांमध्ये मिरी असेल, टायर असतील, बागेतल्या खुर्च्या.
मला दिसायचं फक्त वजन, हिरव्या आकड्यांत.
तिकडची बंदरंही उचलली असतील कितीदा, वास न घेता.

आणि तारेचा दोर.
त्याला ठरल्या दिवशी वंगण,
वहीत तारीख, खाली दोन सह्या.
कोरडा दोर तुटतो, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक.
माझ्या मणक्यांची वही कुणी ठेवली नाही.
मीही नाही.

डॉक्टर तंकमणींचा फोन आला, मागे कावळे ओरडत होते.
रक्तदाबाची गोळी मनानं बंद करायची नाही.
दहा दिवस आधीपासून कॉफी नाही, वाइन नाही, रात्रीचं चीज नाही.
उठल्यावर गरम पाणी.
आणि परतल्यावर लगेच कामाला जुंपून घेऊ नका.
मी म्हटलं, मी निवृत्त आहे.
"मानेला सांगितलंय का?"

जुने कपडे म्हणजे माझ्याकडे कामावरचे तीन सुती शर्ट.
काळे डाग, सोड्याला आणि मला दोघांनाही न जुमानलेले.
घडी घातली. तिळाच्या तेलानं आणखी काय बिघडणार त्यांचं?

कॉफीविना तिसरा दिवस:
कपाळात कुणीतरी पेट्या आपटतंय, नवशिक्या कुणीतरी.
चौथ्या दिवशी, दुपारी पावणेचारला,
मी जिन्यात, गुलिझारच्या दारासमोर,
कठडा धरून, डोळे मिटून,
फटीतून येणारा वास चोरत उभी.
दार उघडलं.
तिनं बघितलं. काही विचारलं नाही. आत गेली.
आली ती दोन छोटे कप घेऊन, सोनेरी कडेचे, बशीसकट.
एकात कॉफी. एकात गरम पाणी.

पायरीवर बसलो. खालच्या मजल्यावर कुणीतरी सायकल ठेवली.
कप उपडा करून ती भविष्य सांगते, सगळ्या इमारतीला माहीत आहे.
आपला कप पालथा घातला,
आणि हाताच्या सवयीनं माझाही.
बशीत घोटभर पाणी पसरलं.
मग माझा कप सुलटा करून
ती आत बराच वेळ बघत राहिली,
चष्मा कपाळावर चढवून.

"काहीच दिसत नाही," म्हणाली.
"जा तू."