दोन्ही बाजूंनी

सांपालोकच्या या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान.
समोर एक क्लास, डोक्यावर, वरच्या मजल्यावर, दुसरा.
समोरच्याच्या भिंतीवर भलामोठा फ्लेक्स :
अकाउंटन्सीच्या परीक्षेत पहिल्या दहांत आलेले चेहरे.
त्यातल्या चौथ्या नंबरचं हसू
उन्हानं आता जवळजवळ पुसलंय.

जोव्हेलिन आली तेव्हा मार्च संपत होता.
सामारहून बस, बस चढवलेली बोट, पुन्हा बस,
पाठीवर सॅक, आणि डब्यात सुका मासा.
दुकानभर वास सुटला. मी काही बोललो नाही.
दोन्हीकडची माहितीपत्रकं तिनं काउंटरवर पसरली,
"काका, कुठला घेऊ?"

आता काय सांगणार?
दोघांच्याही नोट्स याच यंत्रातून निघतात.
तीच गणितं, कंपन्यांची नावं तेवढी वेगळी;
समोरच्यांच्या पानावर शिक्का मोठा,
वरच्यांच्या पानावर कॉफीचे गोल डाग,
तेही मी इमानेइतबारे छापतो.

तिनं पत्रक उलटं केलं, मधोमध रेघ मारली.
फी. खाटेचं भाडं. तांदूळ. सहा महिने.
"बोटीचं इंजिन" असं आधी जमेला लिहिलं,
मग खोडलं,
आणि देण्याच्या बाजूला, खाली, बारीक अक्षरात.
वडिलांनी ते कुठे ठेवलंय, मी विचारलं नाही.
ताळा काही जमेना. तिनं पेन्सिल चावली.

मी दोनदा बसलो होतो या परीक्षेला,
एकदा समोरून, एकदा वरून.
हे तिला सांगायला हवं होतं का?
यंत्रात कागद अडकला तेवढ्यात,
मी झाकण उघडून आत डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर तिच्या चपला दिसल्या.
वरचा क्लास. हप्त्यानं घेतात, एवढंच कारण.
रात्री साडेनऊला ती खाली उतरली,
ऑडिटची चाळीस पानं पुढे केली.
"दोन्ही बाजूंनी छापा, काका.
आणि शाई जरा फिकी चालेल,
वाचता आलं म्हणजे झालं."

मी वीस कागद मोजले.
शाई मात्र होती तेवढीच ठेवली.
हिशेबात हे कुठल्या बाजूला लिहितात,
मला दोन्ही वेळेला आलं नव्हतं.