दुसरं पान

नियम असा की मी बोलायचं नाही.
आठ मुलं, एक लांब टेबल, खिडकीबाहेर
मंगळवार पेठेकडे वळणाऱ्या टेम्पोंचे हॉर्न
आणि माझ्यापुढे मार्गदर्शिका. तिच्यात ठळक अक्षरांत:
उत्तर देऊ नये. मान डोलावू नये. भुवई उचलू नये.
भुवईचं मला अजून जमत नाही.

पहिलं पान वाटते.
पुरुष, वय एकेचाळीस. पोटात मुरडा, तीन आठवडे.
शौचाला साफ नाही. भूक मेली आहे. ताप नाही.
बाकी हवं ते विचारा,
विचारलंत तर दुसरं पान मिळेल.

सुयोग फळ्यावर तीन रकाने आखतो:
माहीत आहे, वाटतं, शोधायचं.
‘वाटतं’ लगेच भरतो. अपेंडिक्स, अल्सर,
आतड्याला पीळ, जंत, टीबी.
टीबी आमच्या प्रत्येक केसमध्ये येतोच,
लग्नात न बोलावता येणाऱ्या काकांसारखा.
ओजस सोनोग्राफी मागतो, मग सीटी.
पैसे कुणाचे, ते कुणी विचारत नाही.
तन्झीला म्हणते, पोट दाबून बघू.
मी चिठ्ठी सरकवते: मऊ आहे. दाबलं की बरं वाटतं.
सगळे गप्प.
दाबल्यावर दुखायला हवं होतं.

मलाही तसंच वाटलं होतं.
अठ्ठ्याण्णव साल, पहाटेचे पावणेतीन,
मी दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट,
आणि ते पोट कागदी नव्हतं. त्याला नाव होतं, धोंडिराम.
मी उघडलं.
अपेंडिक्स गुलाबी, निर्दोष, शाळेच्या तक्त्यातल्यासारखं.
तरी काढलं. उघडलंच आहे तर.
सकाळी तो म्हणाला, “हलकं वाटतंय, बाई,”
आणि मी विश्वास ठेवला,
कारण मला झोपायचं होतं.

चार वाजून दहा. ‘शोधायचं’मध्ये सतरा गोष्टी.
दाराशी बसणारी वैजयंता ढावरे
अजून एकदाही बोललेली नाही.
तक्त्यात ‘सहभाग’पुढे माझी पेन्सिल टेकलेली.
ती विचारते, तेही शेजारणीला,
“पण हा माणूस करतो काय?”
ओजस म्हणतो, त्यानं काय फरक पडतो?
“नाही, आमच्याकडे कुणी आलं
की पाण्याआधी विचारतात, कामाला कुठं?
म्हणून आपलं.”

मी दुसरं पान देते.
भुवई आवरली आहे, पण हात कुणी पाहू नये.
जुन्या बॅटऱ्या फोडतो, अकरा वर्षं.
पत्र्याच्या शेडमध्ये शिसं वितळवतो. तिथेच जेवतो.
हिरड्यांच्या कडेला निळी-काळी रेघ.

खुर्च्या खरखरत पुढे येतात.
सुयोग ‘वाटतं’चा रकाना पुसतो, तळहातानेच.

तिसरं पान गुरुवारी मिळेल:
चार महिन्यांनी परत आला. दोन्ही मनगटं लुळी.
त्यात हे नाही, की मला ओळखून
नमस्काराला त्यानं हात उचलले
आणि पंजे खाली लोंबले, ओल्या हातमोज्यांसारखे,
आणि तोच ओशाळून हसला.
मी लिहिलं होतं. समितीने काढलं.
शेरा होता: शैक्षणिक उद्दिष्टाशी संबंध नाही.

निघताना तन्झीला दारातून वळते.
“मॅडम, हा पेशंट खरा आहे?”
मार्गदर्शिका, पान चार: प्रश्न गटाकडे परत वळवावा.
“तुम्हाला काय वाटतं?” मी म्हणते.

ती बघत राहते. तिच्यामागून वैजयंता,
सॅकची चेन ओढत, माझ्याकडे न पाहता:
“खरा असेल तर
त्याचे कामाचे कपडे कोण धुतं घरी?”

मी फाइल चाळते. पहिलं, दुसरं, तिसरं.
याचं पान मी कधी लिहिलेलंच नाही.